ऑपरेशनच्या आधी त्या दोन नळ्या घालून घ्याच

ताई, भावोजींना चार वर्षं छातीत जळजळ, आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलची गोळी दोन वेळा घेऊनही फरक नाही, गॅस्ट्रोस्कोपीत (तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) ‘लहान हायटस हर्निया’, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला, निघाला आणि आम्ल वर येऊ नये म्हणून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती जठराचा वेढा घालण्याच्या ऑपरेशनची तारीखही मिळाली. आता नाकातून नळी घालायच्या तपासण्या खरंच लागतात का, असं तुम्ही विचारलंय.

लागतात. दोन्ही लागतात: अन्ननलिकेतलं आम्ल मोजणारी पीएच तपासणी आणि तिची हालचाल मोजणारी मॅनोमेट्री. मी बरीच वर्षं मॅनोमेट्रीच्या खोलीत काम केलंय, म्हणून कळकळीने सांगते.

‘गोळी लागू पडत नाही म्हणून ऑपरेशन’ हे ऐकूनच मला काळजी वाटते. गोळीने ज्यांची जळजळ शमते, त्यांनाच ऑपरेशनचा गुण जास्त येतो. वाकल्यावर खाल्लेलं घशाशी येत असेल तर गोष्ट वेगळी. गोळी आम्ल कमी करते, वर येणं थांबवत नाही. पण नुसती जळजळ, तीही गोळीला न जुमानणारी, असेल तर दोष आम्लाचाच आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं. लहान हर्निया हा काही पुरावा नव्हे. शिवाय स्कोपी गोळ्या चालू असताना झाली असेल, तर अन्ननलिकेचे व्रण तोवर भरूनही आलेले असू शकतात.

पुरावा देते ती २४ तासांची पीएच तपासणी. डॉक्टरांना विचारून गोळी ७ दिवस बंद ठेवायची, मग बारीक नळी नाकातून घालून घरी जायचं. एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून जास्त वेळ अन्ननलिकेत आम्ल राहिलं तर आजार पक्का. ४ टक्क्यांच्या आत असेल तर दुसरं कारण शोधावं लागतं. त्या दिवशी बरेच जण घाबरून नुसती पेज घेतात. तसं करू नका. भावोजींना रोजचं हुमण-शीत (माशांची आमटी-भात) जेवू द्या, एरवी जेवून आडवे होत असतील तर होऊ द्या. त्रासाच्या दिवसाचंच माप हवंय.

मॅनोमेट्रीत ५ मिलीचे दहा घोट पाणी गिळायला लावतात आणि अन्ननलिका कशी आकुंचन पावते ते बघतात. सत्तरीतल्या एका बाईंना अशाच ‘ॲसिडिटी’साठी ऑपरेशनची तारीख दिलेली. तपासणीत निघाला अकॅलेशिया: खालची झडप उघडतच नव्हती, अन्न वर साचून आंबत होतं, जळजळ त्याची होती. अशा अन्ननलिकेभोवती जठराचा वेढा घातला असता तर घोटभर पाणीही उतरणं कठीण झालं असतं. त्यांना उपाय हवा होता नेमका उलटा, झडप सैल करण्याचा. आकुंचन नुसतं कमजोर असेल तर सर्जन पूर्ण वेढ्याऐवजी अर्धवट वेढा निवडतात, तेही याच आलेखावरून.

नळी घालताना दोन मिनिटं उमासे येतात, डोळ्यांत पाणी येतं. मग सवय होते.

बेरियमचा एक्स-रे हर्निया नीट दाखवतो, तो बहुतेक सांगतीलच. मधुमेह असेल, किंवा तासन्‌तास आधीचं अन्न उलटीत पडत असेल, तर जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो तेही बघायला लावा. वजन फार असेल तर ऑपरेशनचा प्रकारच बदलू शकतो. आणि चढ चढताना छातीत दुखत असेल, तर आधी हृदय तपासा.

तुमच्या इथे या तपासण्या होत नसतील तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) चौकशी करा. तारीख पुढे गेली तर जाऊ द्या. वेढा सोडवायला दुसरं ऑपरेशन लागतं, तेही पहिल्यापेक्षा अवघड.

एक तुम्ही लिहिलं नाही: भावोजींना गिळताना घास अडकतो का? सुका भात, भाकरी? हे मला कळवा, आणि सर्जनना आजच सांगा.