बारा लाखांचे कर्ज आणि आंतरविद्याशाखीय पदवी

(कराडहून एक पालक लिहितात : मुलीला बारावी कला शाखेत ८४ टक्के गुण आहेत. पुण्यातील एका खासगी विद्यापीठात मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि डेटा विश्लेषण एकत्र शिकवणाऱ्या चार वर्षांच्या आंतरविद्याशाखीय पदवीला तिला प्रवेश मिळतो आहे. शुल्क वर्षाला ३ लाख रुपये. राहण्याजेवणाचा खर्च आम्ही पेलू. पण शुल्कासाठी १२ लाखांचे कर्ज घ्यायचे तर बँक राहते घर तारण मागते. मी साखर कारखान्यात लिपिक आहे, उत्पन्न साडेसहा लाख. या पदवीवर कर्ज फिटेल का?)

स. न. वि. वि.

आपण विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेचे पान सोबत जोडलेत, हे फार बरे केलेत. त्या पानावर सर्वोच्च पॅकेज ठळक आकड्यांत आहे, सरासरी त्याखाली बारीक अक्षरांत आहे आणि मध्यक कुठेच नाही. मुलांना पगाराच्या क्रमाने ओळीत उभे केले, तर बरोबर मधोमध उभ्या असलेल्याचा पगार म्हणजे मध्यक. दोनतीन मोठ्या पगारांनी सरासरी वर चढते, मध्यक सहसा हलत नाही. आंतरविद्याशाखीय पदवीच्या बाबतीत हा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण अभियांत्रिकीच्या मुलांसारखी ही मुले एकाच प्रकारच्या नोकरीत जात नाहीत. कोणी स्वयंसेवी संस्थेत जाते, कोणी जाहिरात क्षेत्रात, कोणी सल्लागार कंपनीत, आणि जी पुढे शिकायला जातात ती प्लेसमेंटच्या मोजणीत येतच नाहीत.

आता कर्जाचा हिशेब. व्याजदर १० टक्के धरू. दर वर्षी ३ लाख उचलले, आणि शिक्षणाची चार वर्षे व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता सुरू झाला नाही, तरी व्याज चालूच राहते. सरळव्याजाने ते ४ लाख २० हजार होते. म्हणजे फेड सुरू होईल त्या दिवशी कर्ज १२ नव्हे, १६ लाख २० हजारांचे असेल. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला सुमारे १७,४०० रुपये, आणि एकूण फेड ३१ लाखांच्या वर.

समोर पगार ठेवू. पहिल्या नोकरीचे पॅकेज ४ लाख २० हजार असेल, तर भविष्यनिर्वाह निधी वगैरे वजा होऊन हातात साधारण ३० हजार येतात. पुण्यात वाटून घेतलेली खोली, मेस आणि प्रवास यांत त्यांतले निम्मे तरी जातात. पहिल्या दोन वर्षांत हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्शाच्या फार वर जाऊ नये, असे मी सर्वच पालकांना सांगतो. १७,४०० चा हप्ता त्या मापात बसायचा तर हातात ८७ हजार यायला हवेत. पदवीनंतर लगेच तेवढा पगार मिळेल असे धरून घर तारण ठेवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

याहून मोठी गोष्ट पुस्तिकेत कोणी लिहीत नाही. आपल्या मुलीच्या विषयांना खरी किंमत पदव्युत्तर शिक्षणानंतर येते. समुपदेशक म्हणून काम करायचे तर बहुतेक ठिकाणी एम. ए. मागतात, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण लागते. अर्थशास्त्रातही संशोधनाच्या नोकऱ्या बहुतेकदा एम. ए.लाच मिळतात. म्हणजे ही पदवी वाटेचा पहिला टप्पा आहे, आणि सगळी पत पहिल्याच टप्प्यावर खर्च झाली तर दुसऱ्या टप्प्यासाठी तारण ठेवायला काहीच उरणार नाही.

मुलीची आवड खोटी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. विषय एकत्र शिकण्याची तिची इच्छा मला मनापासून पटते. परंतु ती इच्छा याच विद्यापीठात पुरी होते असे नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही मुख्य विषयासोबत दुय्यम विषय घेता येतो. एखाद्या चांगल्या अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र मुख्य, मानसशास्त्र दुय्यम अशी जोडी मिळाली, तर शुल्क काही हजारांत भागते. डेटा विश्लेषण तिला सोबत वेगळे शिकता येईल. कोणती जोडी कुठे मिळते, हे प्रत्येक महाविद्यालयात जाऊनच विचारावे लागेल.

तरीही त्याच विद्यापीठाकडे मन ओढ घेत असेल, तर तीन गोष्टी लेखी मागा : मागील तुकडीचा मध्यक पगार, तुकडीत एकूण विद्यार्थी किती आणि त्यांपैकी नोकरी किती जणांना (केवळ प्लेसमेंटसाठी नोंदणी केलेल्यांपैकी नव्हे), आणि गुण व उत्पन्न पाहून शुल्कात किती सवलत मिळेल. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत ते विद्यापीठ आहे का, हेही पाहा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना त्या योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळासाठी, ३ टक्के व्याजसवलत आहे.

निम्मे शुल्क माफ झाले तर मला पुन्हा लिहा. ६ लाखांचे कर्ज साडेसात लाखांच्या आत राहते, त्यामुळे सहसा तारण लागत नाही. हप्ता सुरू होईपर्यंतचे व्याज आपण भरत गेलात, म्हणजे पहिल्या वर्षाअखेर महिन्याला १,२५० आणि शेवटी ५ हजारांपर्यंत, तर पंधरा वर्षांच्या मुदतीत तिचा हप्ता ६,४०० च्या आसपास राहील. तेवढ्या कर्जावर तिला पाठवायला माझी हरकत नाही.