वार्धक्य थांबले, तर मरण टळेल का?

प्रश्न : निसर्गात खरोखर अमर असा एखादा जीव आहे का? असल्यास माणसालाच म्हातारपण का? (विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : टरिटॉप्सिस डोहर्नी हा नखाएवढा जेलीफिश इजा झाली किंवा उपासमार झाली की प्रौढावस्थेतून पुन्हा आपल्या बाल्यावस्थेत जातो. गोड्या पाण्यातल्या हायड्राच्या बाबतीत, वय वाढले म्हणून मृत्यूची शक्यता वाढल्याचे आढळलेले नाही. हे दोन्ही जीव भक्ष्य होऊन किंवा रोगाने मरतातच. त्यांनी चुकवले आहे ते वार्धक्य. माणसाला ते का चुकवता आले नाही, याचे पीटर मेडावर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेले स्पष्टीकरण मला आजही पटते. ज्या काळी बहुतेक माणसे संसर्ग, उपासमार आणि अपघात यांना तरुणपणीच बळी पडत, त्या काळी उतारवयात शरीर राखणारी जनुके निवडली जाण्यास फारसा वावच नव्हता.

प्रश्न : पेशींचे आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती दिसतात. त्या घ्याव्यात का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : घेऊ नयेत. माणसाच्या सामान्य पेशी प्रयोगशाळेत सुमारे ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवले. प्रत्येक विभाजनागणिक गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमिअर, आखूड होत जातात. ती पुन्हा लांबवणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) शोधालाही २००९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. परंतु बहुसंख्य कर्करोगाच्या पेशी याच विकराच्या बळावर अमर्याद वाढतात. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत विभागत आहेत. ती स्वतः मात्र त्याच वर्षी, अवघ्या ३१व्या वर्षी, त्या कर्करोगाने गेली. रापामायसिनमुळे उंदरांचे आयुष्य वाढते, हे २००९ पासून ठाऊक आहे, पण ते प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आहे आणि त्याने माणसाचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झालेले नाही.

प्रश्न : समजा, उद्या वार्धक्य पूर्णपणे थांबवता आले. मग माणूस किती जगेल? (अभियंता, पुणे)

उत्तर : बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये दाखवून दिले की प्रौढ वयात मृत्यूचा धोका ठरावीक काळाने दुप्पट होत जातो, हा काळ साधारण आठ वर्षांचा आहे. ही वाढ थांबली आणि दर वर्षी हजारात एक एवढाच धोका कायम राहिला असे धरले, तर सरासरी आयुष्य हजार वर्षांचे होईल, पण सुमारे ६९० वर्षांत निम्मी माणसे गेलेली असतील. रस्ता, पूर, साथीचे रोग आणि युद्ध राहणारच. आज नोंदलेले सर्वाधिक आयुष्य फ्रान्सच्या जान काल्मां यांचे, १२२ वर्षांचे आहे.

प्रश्न : अशाने लोकसंख्येचा स्फोट होणार नाही का? (गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : जन्मदर घटत असताना हा धोका वाटतो तितका मोठा नाही, महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले आहे. मला अधिक चिंता आहे ती सत्तेची आणि मालमत्तेची. सातबाऱ्यावरचे नाव शतकानुशतके बदलणार नसेल, संस्थेचा अध्यक्ष आणि घराण्याचा नेता खुर्ची सोडणारच नसेल, तर नंतर जन्मलेल्यांच्या वाट्याला काय येणार? आपल्या कायद्यात जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. ते हजार वर्षांचे झाले तर त्या शिक्षेला न्याय म्हणता येईल का? आणि असे उपचार आधी कोणाला मिळतील, हे सांगायला भविष्यवेत्ता नको. स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे ३२ वर्षे असलेले भारतीयांचे सरासरी आयुर्मान आज ७० च्या आसपास आहे. ते लसी, स्वच्छ पाणी आणि घटलेले बालमृत्यू यांमुळे वाढले, म्हणजेच सर्वांपर्यंत पोहोचणाऱ्या उपायांनी. वार्धक्यावरचे संशोधन मी याच कसोटीवर तपासतो.

प्रश्न : माझी ८१ वर्षांची आई रोज म्हणते, ‘आता देवाने न्यावे.’ मग आयुष्य लांबवण्याचा हा अट्टहास कशासाठी? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आईंना जगण्याचा कंटाळा आला आहे की वेदनेचा, एकटेपणाचा आणि परावलंबनाचा, हे आधी त्यांच्याजवळ बसून विचारावे. गुडघे, दृष्टी, श्रवण आणि स्मृती टिकवणाऱ्या संशोधनाला अट्टहास म्हणू नये, अशी माझी आपणास विनंती आहे. त्यातले काही उपचार त्यांना आजही उपलब्ध असतील. मात्र आयुष्य लांबवण्याच्या प्रत्येक साधनाबरोबर ते नाकारण्याचा हक्कही हवा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ ते २०१५ अशी ४२ वर्षे जवळजवळ अचेतन अवस्थेत राहिलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाने हा प्रश्न देशापुढे आणला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. असाध्य अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे आईंना आत्ताच लिहून ठेवता येईल. २०२३ मध्ये ही पद्धत सुलभ झाली असून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेणे पुरते. त्याची एक प्रत त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेही द्यावी.