एलएफपी पॅक 60 टक्के दाखवतो आणि पहाटे बंद पडतो: मॉडेलपेक्षा सुरुवातीचा आकडा तपासा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी वही उघडली. तुम्ही लिहिलंय: कुंपणाला विजेचे झटके देणाऱ्या झटका मशीनला चार सेलचा 12.8 व्होल्टचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पॅक, त्यात किती चार्ज उरला ते सांगणारं त्याचं गणिती मॉडेल संगणकावर, मॉडेल 60 टक्के चार्ज दाखवतंय आणि पहाटे तीनला मशीन बंद. माझंही हेच झालं होतं. दारव्ह्याच्या बाजूला वावर आहे माझं. त्या पहाटे रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप हरभऱ्यात शिरला आणि उजाडल्यावर पाहतो तर पिकाच्या सात-आठ ओळी बुडख्यापर्यंत खाल्लेल्या.

व्होल्टेजचा स्रोत, त्याला जोडून एक रोध आणि पुढे एक आरसी जोडी (समांतर जोडलेले रोध आणि कपॅसिटर), ही तुमच्या मॉडेलची रचना ठीक आहे. तिच्यावर वेळ घालवू नका. तुम्ही लिहिलंय की सूर्य मावळला की दहा मिनिटांनी व्होल्टेज मोजता आणि कोणत्या व्होल्टेजला किती चार्ज या तक्त्यातून चार्ज काढून मॉडेल सुरू करता. घोळ तिथं आहे. याच चुकीत माझा अख्खा रब्बी हंगाम गेला.

एलएफपीचा चार्ज-व्होल्टेजचा वक्र मधल्या भागात जवळजवळ सपाट असतो. साधारण 20 ते 90 टक्क्यांत व्होल्टेज शंभर मिलिव्होल्टही हलत नाही. ढगाळ दिवशी अर्धवट चार्ज झालेला माझा सेल संध्याकाळी 3.34 व्होल्ट दाखवायचा. तक्ता म्हणायचा, नव्वदच्या वर. तोच सेल रात्रभर सोडवून ठेवला तर सकाळी 3.30, म्हणजे निम्म्याच्या आसपास. चार्जिंगनंतरचा व्होल्टेजचा हा फुगवटा उतरायला तास लागतात. माझी आरसी जोडी मात्र दोन-तीन मिनिटांच्या पल्सवरून (करंटच्या छोट्या धक्क्यावरून) बसवलेली, तिला ही मंद उतरण माहीतच नव्हती. त्यात चार्ज करताना आणि वापरताना वक्र वेगळे येतात, बराच वेळ थांबलं तरी पूर्ण जुळत नाहीत. म्हणून तक्ते दोन करा, एक चार्जचा, एक वापराचा, आणि मोजताना प्रत्येक पायरीला किमान दोन तास विश्रांती द्या. मी तर रात्रभर देतो.

माझं ठाम मत: सपाट भागात व्होल्टेजवर विसंबूच नका. करंट मोजून बेरीज करत जा. दर काही दिवसांनी पॅक पूर्ण भरा, सेलमागे 3.65 व्होल्ट आणि करंट क्षमतेच्या विसाव्या भागाशी आला की तिथं शंभर टक्के धरा. ग्रेगरी प्लेट यांनी 2004 मध्ये मांडलेली कालमन फिल्टरची पद्धत (मोजलेल्या व्होल्टेजवरून मॉडेलचा अंदाज सतत दुरुस्त करणारी) चांगली आहे, पण सपाट वक्रावर व्होल्टेजकडून तिला माहितीच कमी मिळते. ती नंतर लावा. आणि झटका मशीन साधारण सेकंदाला एक झटका देतं, करंटही तसाच धक्क्याधक्क्यानं जातो. सेकंदाला एकदा नोंद घेणारा लॉगर (आकडे टिपणारं यंत्र) ते धक्के चुकवतो.

आता एक राग. शहरातल्या एका प्रयोगशाळेत सेल तपासायला दिले, दोनदा एसटीनं हेलपाटे मारले. अहवालात काय, तर अंतर्गत रोधाचा एकच आकडा. तापमान नाही, सेल किती भरलेला होता ते नाही, पल्स किती वेळाची तेही नाही. विचारलं तर म्हणाले, आमचा नमुना असाच असतो. अहो, क्षणाचा पल्स दिला तर फक्त पहिला रोध कळतो, दहा सेकंदांचा दिला तर आरसीचाही भाग त्यात मिसळतो. शिवाय मे महिन्यातल्या 45 अंशांचा रोध डिसेंबरच्या थंड पहाटे चालत नाही, गारठ्यात तो वाढतो. पैसे गेले त्याचं नाही एवढं, पण त्या आकड्यावर विश्वास ठेवून मी दोन महिने मॉडेल घासत बसलो. रोध घरीच मोजा. व्होल्टेजच्या वायरी करंटच्या वायरींपासून वेगळ्या, थेट सेलच्या टोकांवर लावा, नाहीतर क्लिपांचाच रोध मोजला जातो.

हे सगळं माझ्या 6 अँपिअर-तासाच्या गोल सेलवरून सांगतोय. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टचे लिथियम) सेल असतील तर वक्राला उतार असतो, तिथं इतकी फसगत होत नाही. तुमच्या पॅकमध्ये एखादा सेल कमजोर असेल तरी बीएमएस (पॅकचं रक्षण करणारं सर्किट) आधीच पुरवठा तोडेल, म्हणून चारही सेल वेगवेगळे मोजा. आणि कुंपणाला घरची लाईन कोणी जोडू म्हणालं तर ऐकू नका, माणसं मरतात त्यानं.

आज रात्री झटका मशीनला जुनी लेड-ॲसिड बॅटरी लावा. हा पॅक सोलर पॅनल आणि मशीन दोन्हींपासून सोडवून ठेवा, चारही सेलचे संध्याकाळचे आणि सकाळचे आकडे इथं टाका. मी पाहतो.