वाचकांचे प्रश्न : छळछावणीतील मृत्युदंडाचे हुकूम

प्रश्न : नाझी छळछावण्यांमध्ये कैद्याला ठार मारण्याचा हुकूम कोण देत असे आणि तो लेखी असे का?

उत्तर : युद्धकाळात एखाद्या ठरावीक कैद्याविषयीचा असा हुकूम सहसा बर्लिनमधील राइख सुरक्षा मुख्य कार्यालयातून, म्हणजे एसएस या नाझी निमलष्करी दलाचा प्रमुख हिमलर याच्या अखत्यारीतील यंत्रणेकडून येत असे. छावणीतील कागदपत्रे राजकीय विभाग सांभाळी आणि त्याच्या प्रमुखपदी गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा अधिकारी असे. न्यायालयाचा निकाल आवश्यक मानला जात नसे.

हुकूम लेखी असला तरी तो टिकू नये, अशी तजवीज केलेली असे. १९३९ मध्ये म्युनिकला हिटलरवर बाँबहल्ला करणारा गेओर्ग एल्झर याचे उदाहरण बोलके आहे. ५ एप्रिल १९४५ च्या पत्रात गेस्टापोप्रमुख म्युलरने डाखाऊ छळछावणीच्या कमांडंटला कळवले, की पुढच्या हवाई हल्ल्याच्या वेळी एल्झरला गुपचूप संपवावे, तो हल्ल्यातच दगावल्याचे दाखवावे आणि पत्र नष्ट करावे. ९ एप्रिलला त्याला ठार करण्यात आले. पत्र मात्र उरले. इतर कैद्यांच्या मृत्यूच्या दाखल्यांवरही न्यूमोनिया किंवा हृदयविकार अशी खोटी कारणे सर्रास लिहिली जात. कारकुनी काटेकोरपणा आणि खोटेपणा एकाच टेबलावर नांदत होते.

तथापि, या पद्धतीवरून सर्व हत्यांची कल्पना करणे चुकीचे ठरेल. ऑश्विट्झ छळछावणीच्या बिर्केनाऊ या भागात रेल्वेने आणलेल्या बहुसंख्य ज्यूंसाठी व्यक्तिगत हुकूम निघतच नसे; फलाटावर एसएसचे डॉक्टर कामासाठी निवड करीत आणि नाकारलेल्यांना नोंदणीशिवायच विषारी वायूच्या कोठड्यांत नेले जाई.