सर्वांत जवळचे गाव

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुमच्या वस्तीजवळच्या उघड्या गटारात पडून परगावचा एक मजूर दगावला. त्याच्यासाठी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रार्थना झाली, तेव्हा ‘आम्हा सर्वांना क्षमा कर’ हे शब्द तुला खटकले. ‘मी तर त्याला ओळखतही नव्हतो, मग क्षमा कशाची मागू?’ असे तू विचारतोस. प्रश्न रास्त आहे. बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २१ वा अध्याय काढ आणि पहिल्या नऊ ओव्या सावकाश वाच.

शिवारात खून झालेल्या माणसाचा देह सापडतो आणि मारेकरी कोण ते कळत नाही. तेव्हा वडीलजन व न्यायाधीश बाहेर पडून त्या देहापासून भोवतालच्या गावांपर्यंतचे अंतर मोजतात. (आपल्याकडे अशी मोजणी बहुधा ‘ही आमची हद्द नव्हे’ हे सिद्ध करण्यासाठी होते; तिथे ती भार कोणी उचलायचा हे ठरवण्यासाठी होती.) जे गाव सर्वांत जवळचे ठरेल, तिथले वडीलजन कधी जू न ओढलेली कालवड घेऊन, जिथे नांगर फिरलेला नाही अशा वाहत्या पाण्याच्या खोऱ्यात उतरतात, तिची मान मोडतात आणि लेवीवंशातील याजकांसमक्ष तिच्यावर हात धुऊन सांगतात की, हे रक्त आमच्या हातांनी सांडलेले नाही, आमच्या डोळ्यांनी ते पाहिलेले नाही. एवढे सांगूनही ते क्षमा मागतातच, आणि तीही साऱ्या इस्राएल प्रजेसाठी.

वडीलजनांवर खुनाचा संशय कोण घेणार होते, हा प्रश्न यहुदी धर्मपंडितांनाही पडला होता. मिश्नात, म्हणजे त्यांच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, त्याचे उत्तर असे दिले आहे की, तो वाटसरू आमच्या दारी आला असता आम्ही त्याला उपाशी लावून दिले नाही, सोबतीवाचून एकटे जाऊ दिले नाही, याची ती ग्वाही होती. येशूला मृत्युदंडासाठी सोपवताना रोमन सुभेदार पिलातानेही पाणी मागवून हात धुतले. पण त्याच्यापुढे उभा असलेला निरपराध अजून जिवंत होता आणि त्याला सोडणे पिलाताच्याच हाती होते.

मात्र दोष आणि जबाबदारी यांची गल्लत करू नकोस. बापाच्या अपराधासाठी मुलाला किंवा मुलाच्या अपराधासाठी बापाला देहदंड देऊ नये, असे हेच पुस्तक २४ व्या अध्यायात बजावते, आणि यहूदाच्या अमस्या राजाने आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना मारताना त्यांच्या मुलांना याच नियमाने जीवदान दिले. लुटीतील निषिद्ध वस्तू चोरणाऱ्या आखानाबरोबर त्याच्या मुलाबाळांनाही दगडमार झाली, ती यहोशवाच्या पुस्तकातील कथा मात्र मला अजूनही सहज वाचवत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ च्या बोधपत्रात हा तोल नीट सांभाळला आहे: सामाजिक पाप म्हणजे अनेकांच्या वैयक्तिक पापांचा साठा, आणि ज्यांना अन्याय रोखता आला असता पण आळसाने, भीतीने किंवा बेपर्वाईने ज्यांनी तो रोखला नाही, त्यांचाही त्यात वाटा असतो.

तुझ्या प्रश्नाला अधिक लागू पडणारा नियम अनुवादाच्या पुढच्याच अध्यायात, आठव्या ओवीत आहे. नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष तुझ्या घराला लागेल. हा कठडा, कोणी पडण्याआधीच बांधायचा आहे.

त्या गटारावर झाकण बसले का, आणि त्या मजुराच्या घरच्यांपर्यंत तुमच्यापैकी कोणी पोहोचले का, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
धर्मशिक्षणाचा जुना शिक्षक