मुलाला सेवेत जायचंय आणि इकडे जॉब रिजेक्ट होतायत

ताई, सप्रेम सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा आयटीआय टर्नर (लेथवर काम करणारा), नगर एमआयडीसीत अ‍ॅप्रेंटिस. युवक शिबिरातून आल्यापासून म्हणतो, मला पाचारण झालंय, म्हणजे देवाने सेवेला बोलावलंय, कंपनी सोडून बायबल कॉलेजला जातो. तेव्हापासून त्याचे जॉब, म्हणजे मशीनवर केलेले नग, रिजेक्ट व्हायला लागलेत आणि सुपरवायझर बोलला की "माझं मन देवाच्या कामात आहे" म्हणतो. तुम्ही विचारता, त्याला अडवलं तर देवाला अडवल्यासारखं होईल का?

पाचारण खरं की नाही ते पाळकसाहेब, मंडळी आणि तो स्वतः बघतील. मला खटकलं ते रिजेक्शन.

जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे कलस्सैकरांच्या पत्रातलं वचन (3:23) त्याला पाठ असणार. त्याच्या आदलं वचन मात्र सहसा कुणाला आठवत नाही. पौल तिथे दासांशी बोलतोय: धनी बघतोय तेवढ्यापुरतं काम करू नका. ज्यांना काम निवडायची मुभाच नव्हती, त्यांच्या राबण्याला तो प्रभूची चाकरी म्हणतो. (म्हणून स्टायपेंड बुडवला तरी गप्प बसा, असा अर्थ कुणी काढू नये. 4:1 मध्ये धन्यांनाही न्यायाने वागायला सांगितलंय.) आणि निर्गमाच्या 31व्या अध्यायातला बसालेल त्याला वाचायला सांगा. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं, ते संदेश द्यायला नव्हे. सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नं जडवायला, लाकूड कोरायला. आपला कारागीरच तो.

मी या सल्ल्याच्या खुर्चीत बसण्याआधी एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. शनिवारची संध्याकाळ, चर्चमध्ये गायनाचा सराव. चाळीस बुशांचं (शाफ्टवर बसणाऱ्या नळ्यांचं) बोअर, म्हणजे आतलं भोक, मोजायचं होतं. पाच मोजले, उरलेल्या रकान्यांत आकडे भरून टाकले: 25.01, 25.02, खरं वाटावं म्हणून मधेच एक 25.00. सरावाला वेळेवर पोचलो. सोमवारी नऊ बुश शाफ्टवर जाईनात. एका म्हाताऱ्या फिटरने दुपारभर रीमर मारून, भोकं मोठी करून ते बसवले. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "काल चर्चला गेलतास ना?"

रविवारी गायलेली गीतं आज एकही आठवत नाहीत. तो प्रश्न आठवतो.

आता कामाचं. बायबल कॉलेजातल्या बी.डी.ला (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) आधी पदवी लागते, तेव्हा आज कंपनी सोडली तरी उद्या तिथे प्रवेश मिळणार नाही. अ‍ॅप्रेंटिसशिप पुरी करून परीक्षा देऊ द्या, राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात येऊ द्या. दोन वर्षांच्या ट्रेडवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही आहे. हात शिकलेला असला की सेवेत अडचण होत नाही. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबूच शिवत होता. लांब कशाला, आपलं केडगाव घ्या (नगरचं नव्हे, दौंडजवळचं). पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, 1922 साली त्या गेल्या. ते छापलं गेलं मुक्ती मिशनच्या छापखान्यात, आणि छपाईचं काम तिथल्याच मुली-बायकांनी केलं. छपाईचा खिळा (अक्षराचा ठसा) उलटा लागला तर वचनच चुकतं. त्या कामाला सेवा म्हणायचं की नोकरी, हे त्यालाच विचारा.

त्याच्याशी वाद घालू नका, रडूही नका. एक महिना एवढंच करायला सांगा. पाळी संपताना शेवटचा जॉब पहिल्यासारखाच मायक्रोमीटर लावून मोजायचा. बर (कापताना राहिलेली धारदार कड) काढल्याशिवाय नग ट्रेमध्ये टाकायचा नाही, कारण पुढे त्यावर बोट कापतं ते दुसऱ्याचं. आणि रोजचं रिजेक्शन किती, ते वहीत खरं लिहायचं, सुपरवायझरने मागितलं नाही तरी.

महिना झाला की ती वही घेऊन दोघं पाळकसाहेबांकडे जा. पाचारणाचं बोलणं तिथे होऊ दे. मलाही कळवा, आकड्यांसकट.