शिकता-शिकवता : सत्तेचाळिसाव्या वर्षी विचारायचं कुणाला?

प्रश्न : आदरणीय सर, रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी 22 वर्षं काम करतो. आधी साधा लेथ, आता सीएनसी टर्निंग, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा लेथ. वय 47. बारावीत राहिलो, आयटीआय केलेलं नाही, काम उस्तादाच्या हाताखाली शिकलो. प्लांट दुसऱ्या राज्यात हलणार असं ऐकतोय आणि सह्यांचे कागद फिरायला लागलेत. मुलगी दहावीला आहे. तिच्या शाळेतल्या करिअर मार्गदर्शनाला मीही जाऊन बसलो. पाहुणे म्हणाले, शिक्षण जन्मभर चालतं, युनेस्को तेच सांगते, देशोदेशीचे लोक एकत्र बसून त्याची धोरणं ठरवतात. मी उभं राहून विचारलं, मग माझ्यासाठी काय? ते म्हणाले, आजचा कार्यक्रम मुलांसाठी आहे. त्या परिषदांचा ऐरोलीतल्या माणसाला काही उपयोग असतो का? आणि माझ्या वयाच्या माणसाने विचारायचं कुणाला?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुम्ही उभं राहून विचारलंत, फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर 1975 सालीच लिहून झालेलं आहे आणि त्याखाली आपल्या देशाची मान्यताही आहे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्या वर्षी मनुष्यबळ विकासाचा करार केला, क्रमांक 142. त्याचं तिसरं कलम म्हणतं की, प्रत्येक सदस्य देशाने व्यवसाय मार्गदर्शनाची व्यवस्था हळूहळू वाढवत न्यायची, म्हणजे पूर्ण माहिती आणि जास्तीत जास्त मार्गदर्शन सगळ्या मुलांना, तरुणांना आणि प्रौढांना मिळेल. अपंगांसाठी योग्य कार्यक्रमही त्यातच आले. भारताने हा करार 2009 मध्ये स्वीकारला. ‘प्रौढांना’ हा शब्द तिथे आहे, तो तुमच्यासाठी आहे. कार्यक्रम फक्त मुलांचा होता हे पाहुण्यांचं म्हणणं त्या दिवसापुरतं खरं असेल, पण देशाने दिलेला शब्द त्याहून मोठा आहे.

आता परिषदांचं. प्रौढांच्या शिक्षणावर युनेस्कोची पहिली जागतिक परिषद 1949 मध्ये डेन्मार्कच्या एल्सिनोरला झाली, सातवी 2022 मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला. 1972 मध्ये फ्रान्सचे माजी पंतप्रधान एडगर फॉर यांच्या आयोगाने सांगितलं की शिक्षण आयुष्याच्या एका तुकड्यात कोंडून चालणार नाही. 1996 च्या जाक दलोर आयोगाने तेच पुढे नेलं. त्या आयोगावर आपले डॉ. करण सिंह होते. इथपर्यंत सगळे शब्दच, हे मान्य.

खरं काम दिसतं ते त्यानंतर. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने 2001 पासून 14 देशांमधली मार्गदर्शनाची व्यवस्था तपासली आणि 2004 मध्ये अहवाल दिला. निष्कर्ष काय? मार्गदर्शन मिळतं ते शाळा सोडणाऱ्यांना आणि बेकारांना, तेही आयुष्याच्या ठराविक वळणांवर. जो कामावर आहे, पण ज्याच्या पायाखालची जमीन हलू लागली आहे, तो कुणाच्याच खात्यात बसत नाही. ऐरोलीतला माणूस त्या अहवालाआधीही असाच होता आणि श्रीमंत देशांमध्येही असाच होता, हे वाचून मला त्या वेळी धक्का बसला होता. त्याच वर्षी युरोपीय संघाच्या मंत्र्यांनी आयुष्यभराच्या मार्गदर्शनाचा ठराव केला. पुढे 2007 ते 2015 पर्यंत तिथल्या देशांनी एक जाळं चालवलं. फिनलंडमधून त्याचं सूत्रसंचालन होई. आपल्याकडे काय जमलं, काय फसलं, हे एकमेकांसमोर मांडायचं, असं ते काम.

फसलेलं सांगण्याला मी फार किंमत देतो. इंग्लंडने 2000 साली प्रौढांसाठी शिक्षणाची वैयक्तिक खाती काढली. खोट्या संस्थांनी त्यातून पैसे उकळले आणि 2001 संपायच्या आत योजना बंद करावी लागली. तरी खात्याची कल्पना मेली नाही. फ्रान्समध्ये 2015 पासून प्रत्येक कामगाराचं प्रशिक्षण खातं आहे. आधी त्यात तास जमा होत, 2019 पासून वर्षाला 500 युरो, कमाल 5,000. कंपनी बदलली तरी खातं कामगाराबरोबर जातं, जसा आपला पीएफ. आणि त्याच्या जोडीला, पुढे काय करावं हे बोलायला प्रत्येक कामगाराला फुकट सल्लागार. सिंगापूरनेही 2016 मध्ये 25 वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाच्या नावावर 500 सिंगापूर डॉलर ठेवले आणि 2024 मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांना वर 4,000 दिले. चाळिशी ओलांडलेल्यांना, हे लक्षात घ्या. आपल्याकडे त्याच वयात माणसाला ‘आता काय शिकणार’ असं ऐकावं लागतं.

मी 31 वर्षं आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक, म्हणजे हातातलं काम शिकवणारा शिक्षक होतो, टर्नर आणि मशिनिस्ट या दोन ट्रेडना. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले कारखाने एकेक करून बंद पडत होते तेव्हाची गोष्ट. एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. किसननगरला राहायचा, 24 वर्षं लेथवर काढलेली. पोरं फेसिंग करत होती. त्याने एक जॉब उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, दोन थाऊ जास्त आहे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मायक्रोमीटर लावला. दोन थाऊ जास्त होता. मग त्याने विचारलं, मला इथून एखादं सर्टिफिकेट मिळेल का, नुसती परीक्षा देऊन? मी म्हटलं, प्रवेश घ्यावा लागेल, दोन वर्षं वर्गात बसावं लागेल. त्याला दोन वर्षं बिनपगारी परवडणार नव्हती. तो गेला. काही वर्षांनी घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत नातेवाइकांकडे गेलो, तर फाटकावर रजिस्टर पुढे करणारा तोच. त्याने मला ओळखलं, ‘सर’ म्हणाला. बाहेरून परीक्षा देता येते का, एवढी चौकशी तरी मी करायला हवी होती. ती केली नाही. तुमचं पत्र वाचताना तो अंगठा डोळ्यांसमोर होता.

म्हणून आता तुमच्याविषयी, नीट.

सगळ्यात आधी ते सह्यांचे कागद. त्यावर ‘कपात’ लिहिलंय की ‘स्वेच्छानिवृत्ती’, हे वाचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात कामगार पुनर्कौशल्य निधी आहे : कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात, नुकसानभरपाईशिवाय वेगळा, 15 दिवसांचा शेवटचा पगार 45 दिवसांच्या आत जमा व्हायचा असतो, नवं काही शिकण्यासाठी. पण स्वेच्छानिवृत्ती कायद्याच्या भाषेत कपात ठरत नाही. रक्कम मोठी नाही, तरी आपल्या हक्काची आहे. कागद घरी आणा, युनियनच्या माणसाला किंवा कामगार वकिलाला दाखवा. त्याच दिवशी सही करू नका, कितीही घाई केली तरी.

दुसरं, अनुभवाचं पत्र आजच मागा, एचआरवाले अजून त्या इमारतीत बसतायत तोवर. प्लांट हलला की फोन उचलायला कुणी उरत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. ‘ऑपरेटर म्हणून 22 वर्षं काम केले’ एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. मशीन कोणती, कंट्रोलर फानुक की सिमेन्स, ऑफसेट तुम्ही देता का, प्रोग्राम नुसता लोड करता की दुरुस्तही करता, ड्रॉइंग वाचता का, बोअर गेज वापरता का, हाताखाली किती पोरं शिकवलीत, हे सगळं त्यात यायला हवं. मसुदा तुम्हीच लिहून द्या, म्हणजे त्यांनाही सोपं जाईल.

तिसरं म्हणजे पूर्व-अध्ययनाची मान्यता, जिला सगळे आरपीएल म्हणतात. 2015 मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेबरोबर ती आली. त्यात तुम्हाला पहिल्यापासून शिकवत नाहीत. आधी थोडी ओळख करून देतात, मग जे येतं ते तपासतात आणि त्याचं प्रमाणपत्र देतात. किसननगरच्या त्या माणसाला हवं होतं ते हेच. मात्र हे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी, असं कुणी सांगितलं तर मानू नका. त्याचा फायदा इतकाच की नव्या ठिकाणी वयाआधी कामाकडे नजर जाते. शिवाय आयटीआयच्या प्रवेशाला कमाल वयाची अट नाही, हेही सांगून ठेवतो. बारावी पूर्ण करायची असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेलाही वयाची वरची मर्यादा नाही. मुलीबरोबर अभ्यासाला बसलात तर तिलाही जोर येईल.

आणि विचारायचं कुणाला? ठाण्यात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. 2015 पासून केंद्र सरकारचं राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टलही आहे, त्यात वयाने मोठ्यांनाही नाव नोंदवता येतं. केंद्रात जाल तेव्हा नुसतं ‘काही जागा आहेत का’ असं विचारू नका. ‘मला समुपदेशन हवंय, माझ्या अनुभवाचं काय करता येईल ते बोलायचंय’ असं म्हणा. शक्य झालं तर कारखान्यातल्या तुमच्या खात्यातल्या चौघापाच जणांना घेऊन जा. एकटा आला तर चौकशी, पाच आले तर मागणी. आपल्याकडे सगळ्यात कमी आहे ती योजना नव्हे, तर तुमच्यासमोर अर्धा तास बसून ऐकणारा माणूस. तो मिळावा म्हणून क्रमांक 142 चं तिसरं कलम छापून खिशात ठेवलंत तरी हरकत नाही. काय झालं ते मला कळवा.

प्रश्न : मी 23 वर्षांची, इलेक्ट्रिशियन ट्रेडमधून आयटीआय झाले. जर्मनीत कामगार हवेत असं ऐकलं. एक एजंट अडीच लाख मागतोय. माझं सर्टिफिकेट तिथे चालेल का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : अडीच लाख देऊ नका. परदेशी नोकरीसाठी एजंटला परवाना लागतो आणि सरकारने ठरवलेली सेवाशुल्काची मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढी आहे. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर जुळतो का ते पाहा. क्रमांक द्यायला टाळाटाळ केली, तर तिथेच थांबा.

सर्टिफिकेट आपोआप चालत नाही, पण तपासून घेता येतं. परदेशी व्यावसायिक पात्रता तपासून घेण्याचा हक्क देणारा कायदा जर्मनीत 2012 पासून आहे. तुमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांच्या साडेतीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी ताडून पाहतात. तिथे निम्म्याहून जास्त वेळ कारखान्यात जातो. त्यामुळे बहुधा ‘अंशतः मान्यता’ मिळते आणि काय कमी आहे ते लिहून देतात. ती कमतरता पुढे भरून काढता येते. अनुभव त्यात मोजतात, म्हणून इथे अप्रेंटिसशिप केली नसेल तर आधी ती करा. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टीत जागा निघत असतात. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. त्याखालच्या प्रशिक्षणाची चौकशी सरकारी कार्यालयातच करा.

जर्मन भाषा आजपासून सुरू करा, बी-वन, म्हणजे रोजचं बोलणं-लिहिणं जमेल अशी मधली पातळी डोळ्यांसमोर ठेवून. आणि आयटीआयमधून गुणपत्रिकेसोबत पूर्ण अभ्यासक्रमाची, तासांच्या तपशिलासह, सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. ताडून पाहायला तोच कागद उपयोगी पडतो, आणि तोच मुलं मागायला विसरतात.